जंगालातलं केशर

सफदर बेग मरू नये म्हणून बिल्कीस जेवढे नवस बोलली होती, तेवढे ती स्वतःच्या नवऱ्यासाठीही बोलली नव्हती. लाहोरच्या ज्या गल्लीत कागद घोटणारे, शाई कुटणारे आणि रेघा आखणारे राहत, तिथे हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारा जरा खोकला की बिल्कीसच्या चुलीवर नळीचा शोरबा चढायचा. रावीवरून बोचरा वारा सुटला की तिच्या घरची जाड रजई त्याच्या अंगावर जायची. पीराच्या दर्ग्याच्या जाळीला तिने त्याच्या नावाने इतके धागे बांधले होते की तिथला मुजावर तिला पाहिलं की आधीच हात पुढे करायचा. बायका आपसांत म्हणत, "बापाच्या शिष्यासाठी एवढं करते, बापासाठी किती केलं असेल!" बिल्कीस ते ऐकून मान खाली घालायची. लोकांना काय, मान खाली घातली की त्यांना विनयच दिसतो.

खरं एवढंच होतं, की सफदर बेगला ती पाण्यात पाहत होती आणि तो तिला जिवंत हवा होता.

बिल्कीसचे वडील मौलाना फर्रुखजाद हेरातहून आलेले. बादशाही किताबखान्यात त्यांच्या अक्षराला मान होता, जिभेला नव्हता. तोंडावर बोलायची खोड. त्यामुळे मानाची वस्त्रं दुसऱ्यांना मिळत आणि अवघड कामं मौलानांना. सफदर हा त्यांचा शिष्य. त्यांच्याच घरात राहायचा, जेवायचा, गिरवायचा. हात बरा होता. बरा म्हणजे बराच, वर नाही की खाली नाही. मौलाना म्हणायचे, "सफदर, तुझ्या अक्षरात चूक काढता येत नाही रे. पण बघत बसावं असंही काही वाटत नाही." सफदर हसायचा. त्या हसण्याखाली काय साचत होतं ते मौलानांना कळलं नाही, कारण ते अक्षराकडे बघायचे, माणसाकडे नाही.

कागदावर ओळी आखतात त्या शाईने नव्हे. पुठ्ठ्यावर दोरे ताणून शिवलेले असतात, त्यावर कागद ठेवून अंगठ्याने दाबत गेलं की दोऱ्यांच्या खुणा उमटतात. लहानपणापासून ते काम बिल्कीसचं. एकदा तिसरा दोरा तुटला आणि तिने गाठ मारून भागवलं. ती गाठ प्रत्येक कागदावर उठू लागली, बाजरीच्या दाण्याएवढी. पोर रडवेली होऊन नवा दोरा ओवायला बसली, तेव्हा मौलानांनी पुठ्ठा तिच्या हातून काढून घेतला. म्हणाले, "राहू दे गं. माझ्या पानाला तुझा तीळ."

मग एका सकाळी मौलानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. कलम धरायचा हातच गेला. त्याआधी त्यांनी चार पानं लिहून ठेवली होती, तिरक्या ओळींची. आयुष्यभराची मेहनत त्या चार पानांत उतरली होती. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यातल्या त्रिकोणात बारीक अक्षरात नाव होतं, 'पापी दास फर्रुखजाद याने लिहिलं.' लिहिणाऱ्याने स्वतःला पापी म्हणवून घ्यायचं ही या धंद्याची रीतच आहे. तोंड वाकडं झालेलं असतानाही मौलानांनी सफदरला कसंबसं सांगितलं, ही पानं किताबखान्यात नेऊन दे, बादशहाच्या नजरेखाली जाऊ देत.

दुसऱ्या दिवशी सफदर डोळे पुसत परत आला. वाटेत भिश्त्याची पखाल फुटली म्हणे, पानं भिजली, शाई वाहून गेली, हातात नुसता लगदा राहिला. मौलानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ते बोलले नाहीत, आणि रमजानचा चंद्र दिसायच्या आधीच गेले. बिल्कीसने त्या दिवशी सफदरला पाणी दिलं होतं, त्याची समजूत घातली होती. तुमचा काय दोष, असं आपण स्वतःच्या तोंडाने म्हणालो होतो, हे आठवलं की पुढे कित्येक वर्षं तिच्या अंगाचा तिळपापड होत असे.

तेव्हा तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते लग्नानंतर.

तिचा नवरा यूनुस किताबखान्यात पानं सजवायचा. बादशहाच्या संग्रहात जाणारं लिखाण रुंद समासाच्या कागदात खिडकीसारखं बसवायचं, आणि सांधा झाकायला भोवती रेघा ओढायच्या. सोन्याची जाड, निळी बारीक, मग हिरवी. कागद जोडायचा यूनुस. रेघा ओढायची बिल्कीस, घरी बसून. किताबखान्यात नाव नवऱ्याचं आणि हात बायकोचा. याला कोणी चोरी म्हणत नाही, संसार म्हणतात.

एक दिवस यूनुस बासन घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "अगं, हात धुऊन ये. सफदर बेगांची पानं आलीत. एरवी त्यांचं लिखाण बघून मला जांभई येते, पण ही बघ! बादशहा म्हणे ताटावरून उठून बघायला आले. म्हाताऱ्याला आता किताबखान्याचा मुख्य लेखक करतायत."

बिल्कीसने पहिलं पान हातात घेतलं. तिला वाचायची गरज पडली नाही. तिरक्या ओळीतलं ते लांब ओढलेलं अक्षर अब्बांचं होतं. तिने अंगठा तिसऱ्या ओळीवरून हळूच नेला. मधोमध बाजरीचा दाणा होता. मग तिने पान उजेडाकडे तिरकं धरलं. घोटलेल्या कागदाची चकाकी सगळीकडे होती, फक्त खालच्या त्रिकोणात नव्हती. ओला कापूस फिरवून शाई उचलली की कागद तिथे मलूल पडतो. त्या मलूल जागेवर लिहिलं होतं, 'पापी दास सफदर याने लिहिलं.' त्यातलं पापी तेवढं खरं होतं.

"काय गं? डोळ्यांत पाणी?" यूनुसने विचारलं.

"चुलीचा धूर गेला."

"चूल पेटली कुठेय अजून?"

"मग पेटवते," असं म्हणून ती आत गेली, आणि चुलीपुढे बसून तिने दुपट्टा तोंडात कोंबला. रडायला नव्हे. ओरडू नये म्हणून.

तक्रार कोणाकडे करणार? सफदर म्हणाला असता, मीही त्याच पुठ्ठ्यावर कागद दाबून शिकलो. ते खरंच होतं. मेलेल्या माणसाच्या बाजूने कोण बोलतं, आणि तेही एका बाईचा अंगठा काय म्हणतो यावरून? नाव खरवडावं तर यूनुसच्या मानेवर आलं असतं. पान फाडावं तर ते अब्बांचं. आयत्या बिळावर नागोबा बसला होता, आणि बीळ मोडल्याशिवाय त्याला काढता येत नव्हता. दोन दिवस तिने एकही रेघ ओढली नाही. तिसऱ्या दिवशी ती हिरवा रंग कालवायला बसली, आणि कालवता कालवता तिचा हात थांबला.

हिरवा म्हणजे जंगाल, सिरक्याच्या आंबट वाफेवर तांब्याचे पत्रे ठेवून त्यावरून खरवडलेला. दिसायला पोपटासारखा, पण खादाड. नुसता लावला तर काही वर्षांत रेघेखालचा कागद तपकिरी करतो, मग ठिसूळ करतो, आणि शेवटी रेघेच्या जागी फट राहते. म्हणून त्यात केशराचं पाणी घालायचं. केशराने जंगालाची भूक मरते. रेघा आखणाऱ्याच्या घरातल्या मांजरालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे कोणी विसरत नाही.

बिल्कीसने दोन शिंपल्या घेतल्या. एका शिंपलीतल्या जंगालात केशर घातलं, आणि त्याने चारही पानांच्या बाहेरच्या रेघा ओढल्या. दुसरीत घातलं नाही. त्या शिंपलीतला हिरवा तिने फक्त त्रिकोणाच्या तीन बाजूंना लावला, जरा जाडच. इतक्या सरळ रेघा तिच्या हातून आधी कधी उतरल्या नव्हत्या. नाव हिरव्या चौकटीत मखरातल्यासारखं शोभून दिसू लागलं. 'बसा,' ती मनात म्हणाली. 'आठ-दहा पावसाळे बसा.'

दुसऱ्या दिवशी सफदर बेग स्वतः आला. यूनुसकडे पानं गेली, हे त्याला उशिरा कळलं असावं. दारात उभा राहून तो बिल्कीसच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता.

"कसं काय वाटलं लिखाण, पोरी?"

"अब्बांची आठवण झाली, उस्ताद."

सफदर घाईने म्हणाला, "त्यांचाच शिष्य ना मी."

"तेच म्हणते. उभे का? बसा ना. दूध देते." कालचं उरलेलं केशर पुडीत तसंच होतं. तिने ते बोटाने चोळून दुधात घातलं आणि पेला त्याच्या हातात दिला. "केशर घातलंय. तब्येतीला जपा, उस्ताद. तुम्ही खूप वर्षं जगायला हवं."

म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. पेला रिकामा करून त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखाली बिल्कीस हलली नाही.

तिथून तिचं हे व्रत सुरू झालं. अडचण अशी होती, की सफदर बेग होता पन्नाशी ओलांडलेला आणि छातीचा कच्चा. जंगाल आपला वेळ घेणार होता. मध्येच हा मेला असता, तर नाव गळताना बघायचं कोणी? मेलेल्याचा कसला अपमान! म्हणून ती डोळ्यांत तेल घालून त्याला जपू लागली. किताबखान्यातून जेवढं केशर हिरव्यासाठी येई, त्यातल्या चार काड्या ती कामातून राखून ठेवायची आणि शोरब्यात टाकायची. इतर पानांना तिने कधी कमी पडू दिलं नाही, रंग मात्र थोडा पातळ करायची. त्याची बायको वारली तेव्हा बिल्कीसच धावली. मूलबाळ नव्हतंच. एका हिवाळ्यात त्याला ताप चढला, हकीमाने मान हलवली, आणि ही त्याच्या उशाशी बसून पुटपुटत राहिली, "मरू नका, उस्ताद. इतक्यात नाही. इतक्यात मरायचं नाही." हकीमाचे डोळे भरून आले. बाहेर जाऊन तो लोकांना म्हणाला, "पोटची लेक असं करणार नाही." तो बरोबर बोलत होता.

ताप उतरला त्या पहाटे तिला आनंद झाला. अगदी खरा, पोटातून आलेला. मग आपल्याला आनंद झाला याचाच तिला इतका संताप आला, की तिने शेजारणीशी उगाच भांडण उकरून काढलं.

आणि मग एक गोष्ट झाली जी तिच्या हिशेबात नव्हती. सफदर बेगचे डोळे गेले. बारीक लिखाण करणाऱ्यांचे जातात तसेच, आधी कडा, मग मधला भाग. किताबखान्याने त्याला मानाने घरी बसवलं. बिल्कीस तीन दिवस भांड्यांवर राग काढत होती. एवढा जपला, आणि बघायच्या वेळी हा आंधळा! यूनुस म्हणाला, "अगं, किती मनाला लावून घेतेस? आणू या त्यांना आपल्याकडे. बाहेरची खोली रिकामीच आहे."

"आणा," ती म्हणाली. "समोर असलेले बरे."

त्या वर्षी पाऊस हटायचं नाव घेईना. भिंतींना ओल आली, कागद हाताला दमट लागू लागले. अशाच एका दुपारी किताबखान्याचा दारोगा तकी खान बासन काखेत मारून त्यांच्या दारी आला. मोठा माणूस, पण जिन्याला धापा टाकत होता. बाहेरच्या खोलीत सफदर बेग खाटेवर वाटी घेऊन बसला होता.

"उस्ताद, गंमत ऐका," तकी खान म्हणाला. "काल इराणच्या पाहुण्यांपुढे तुमची पानं उघडली. चारही पानांतून तुमचं नाव टपकन खाली पडलं. गालिचावर! लिहिलेला कागद जमिनीवर पडलेला, पोरांनी धावत उचलून डोळ्यांना लावला. पण पाहुणे हसले ना."

सफदरची वाटी हातात तशीच राहिली. "फक्त नाव?"

"फक्त नाव. बाकी रेघा नव्या नवरीसारख्या. जंगालाने खाल्लं."

यूनुस पांढराफटक पडला. "खानसाहेब, जंगालाचा एखादा घाणा वाईट निघतो... माझी चूक..."

"चूक कोणाची ते नंतर बघू. आधी नवे त्रिकोण बसव, आणि नाव पुन्हा घालायला हवं. उद्या दुपारी मी नेणार." तो सफदरकडे वळला. "पण तुम्हाला दिसत नाही. लिहायचं कोणी?"

"बिल्कीस लिहील," सफदर लगेच म्हणाला. "मौलानांनी तिच्याकडून गिरवून घेतलंय, हात चांगला आहे. माझं नाव तिला पाठ आहे. काय गं?"

"पाठ आहे, उस्ताद," बिल्कीस म्हणाली. तकी खानाने पुडी पुढे केली. गळलेले चार त्रिकोण त्यात होते. ती पुडी तिने कनवटीला खोचली.

रंग, खळ, घोटायचा दगड घेऊन ती संध्याकाळपर्यंत बसली. यूनुसने त्रिकोण चिकटवले, आणि तो जेवायला उठला तेव्हा तिने कलम उचललं. आतापर्यंत तिला फक्त नाव गाळायचं होतं. मोकळ्या जागेचा तिने विचारच केला नव्हता, आणि ती मोकळी जागा त्यानेच स्वतःच्या तोंडाने तिच्या हातात दिली होती. 'पापी दास,' तिने लिहिलं. पुढचं नाव तिने एका दमात लिहिलं.

दुसऱ्या दुपारी तकी खान आला, बसला, कहवा प्याला. मग पान उजेडाला धरून त्याने मोठ्याने वाचलं, "पापी दास फर्रुखजाद याने..." आणि थांबला. दुसरं पान. तिसरं. चौथं. "हे काय? फर्रुखजाद कोण?"

खाटेवर सफदर बेगची मान वर झाली.

"माझे वडील," बिल्कीस म्हणाली. "ज्याने लिहिलं त्याचं नाव लिहिलं, खानसाहेब. खोटं वाटत असेल तर उस्तादांना विचारा."

"अगं ए!" यूनुस ओरडला. "वेड लागलं का तुला?"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मशिदीतून अजान झाली. तकी खान उठला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. "नमाज पढून येतो. यूनुस, तूही चल. उस्ताद, परत आलो की मला उत्तर हवं. हिने खोटं लिहिलं असेल, तर हिचा हात किताबखान्याच्या दारात तोडला जाईल."

जिन्यावरची पावलं विरली. सफदर बेग हात पुढे करून म्हणाला, "पान दे." बिल्कीसने एक पान त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याची बोटं ओळींवरून चालली, तिसऱ्या ओळीवर थबकली, दाण्यावरून दोनदा फिरली. मग ती कोपऱ्याकडे गेली, जिथे जुन्या कागदाची कड अजून चुरमुऱ्यासारखी कुरकुरत होती. लिहिणाराच तो. बोटांना कळलं.

"केशर," तो हळूच म्हणाला. "बाहेरच्या रेघेत घातलंस. नावाच्या रेघेत नाही. कुठे गेलं ते केशर?"

"तुमच्या पोटात."

म्हाताऱ्याचा श्वास जोरात चालू लागला. "मी खानाला सांगेन. बादशहाच्या पानावर विष घातलंस तू. हात जाईल तुझा."

"सांगा की. मग ते विचारतील, फक्त नावालाच का घातलं? मग मी सांगेन. दोघं मिळूनच जाऊ किताबखान्यात. एरवीही तुमचा हात धरून मीच नेते."

"मी तुला लेक मानलं!"

"आणि अब्बांच्या नावावरून ओला कापूस फिरवताना मी कोण होते? ते भिंतीकडे तोंड करून मेले, सफदरमियाँ. पानं गेली म्हणून मेले. तुम्ही त्याच खोलीत बसून रडलात, आणि मी तुम्हाला पाणी दिलं!" इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली होती.

सफदर बेगने पानावरची बोटं उचलली नाहीत. "मला तसं कधीच लिहिता आलं नसतं," तो म्हणाला. "जन्मभर घोटलं असतं तरी. त्यांना आयतं आलं होतं, आणि वर मला हसायचे. म्हटलं, एकदा तरी लोकांनी माझ्या पानापुढे थांबावं. थांबले. आणि मला रोज वाटायचं, आता कोणीतरी ओळखेल." मग त्याने विचारलं, "तापात तू उशाशी बसायचीस. तेही यासाठीच?"

"यासाठीच."

"एकही दिवस मनापासून नाही?"

बिल्कीसला खोटं बोलता आलं असतं. "कधी कधी विसर पडायचा," ती म्हणाली. "मग स्वतःची लाज वाटायची." तिने कनवटीची पुडी काढली आणि ते चार त्रिकोण त्याच्या तळहातावर ओतले. "हे घ्या. हे तुमचं नाव. तुम्हाला बघता येणार नव्हतं, म्हणून हातात देते."

त्याने मूठ मिटली. ठिसूळ कडांचा भुगा बोटांतून खाटेवर सांडला.

तकी खान परत आला तो दारातच उभा राहिला. "बोला, उस्ताद. कोणाचं नाव?"

बिल्कीस भिंतीला टेकून उभी होती. उजवा हात तिने दुपट्ट्याखाली घेतला होता. म्हाताऱ्याच्या तोंडून काय निघणार ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि त्या घटकेला ती घाबरली होती.

"नाव बरोबर आहे," सफदर बेग म्हणाला. "मौलाना फर्रुखजादांची पानं. त्यांचं नाव मी पुसलं. त्यावर माझं घातलं."

तकी खानाने बराच वेळ दाढीवरून हात फिरवला. "आंधळ्याला मी काय शिक्षा देऊ?" तो शेवटी म्हणाला. "पण उद्या सगळ्या लेखकांना बोलावून ही पानं खऱ्या नावासकट वाचून दाखवणार. तुमची मानाची वस्त्रं परत पाठवा. बाजारात काय बोलतील ते माझ्या हातात नाही." पानं त्याने बासनात बांधली आणि जाताना बिल्कीससमोर थांबला. या धंद्यात मुरलेला माणूस तो. "यापुढे या घरात केशर मी समोर उभा राहून जंगालात घालून घेणार," तो म्हणाला. "कळलं?"

"जी."

तो गेल्यावर यूनुसने विचारलं, "केशराचं काय म्हणाले गं ते?"

"जपून वापरा म्हणाले."

संध्याकाळी तिने शोरबा चढवला. शलगम चिरले, नळी टाकली, आणि पुडीतल्या शेवटच्या काड्या बोटांनी चोळल्या. गल्लीत अजून कोणाला काही ठाऊक नव्हतं. उद्या दुपारी कळणार होतं, परवा दर्ग्यातल्या मुजावरालाही. वाटी घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा सफदर बेग भिंतीकडे तोंड करून पडला होता. अब्बा पडले होते तसाच. तिने वाटी खाली ठेवली, आणि दोन्ही हातांनी खांदे धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"मला नको," तो म्हणाला. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी जाऊ दे मला."

बिल्कीसने त्याच्या पाठीशी उशी लावली. चमचा भरला, फुंकर घातली, ओठाला लावून बघितला. फार गरम नव्हता.

"आ करा, उस्ताद," ती म्हणाली. "अजून सगळ्या शहराला कळायचंय."